नाकातील पॉलिप आणि शस्त्रक्रिया : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. नाकात पॉलिप आहेत, म्हणजे बोलण्यात आपण म्हणतो तसे ‘नाकात मांस वाढले आहे’, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. तरीही इतरांनाही उपयोगी पडतील असे काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझे वय ४६ आहे आणि मला अनेक वर्षांपासून दमा आहे. गेली दोन वर्षे दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या असतात आणि वास अजिबात येत नाही. फोडणी करपली तरी मला कळत नाही. तीन महिने नाकात स्टेरॉइडचा फवारा मारला. मध्यंतरी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या तेव्हा काही दिवस वास परत आला, पण गोळ्या संपल्यावर पुन्हा गेला. आता दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करू, असे डॉक्टर म्हणतात. माझ्या मावसबहिणीची अशी शस्त्रक्रिया दोनदा झाली आणि दोन्ही वेळा पॉलिप परत आले. ते परत येणारच असतील, तर शस्त्रक्रिया करायची कशासाठी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचे नीट उत्तर न मिळाल्यामुळेच कित्येक रुग्ण एकतर शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे टाळत राहतात, नाहीतर ती झाल्यावर सगळी औषधे बंद करून टाकतात.

दोन्ही बाजूंना होणारे पॉलिप म्हणजे वेगळी उगवलेली गाठ नव्हे. नाकाला आणि त्याच्या भोवतीच्या सायनस नावाच्या पोकळ्यांना आतून एक ओलसर अस्तर असते. त्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली, की त्यात पाणी साठते आणि सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, मऊ फुगवटे खाली लोंबू लागतात. दोन डोळ्यांच्या मधल्या भागात एथमॉइड सायनसचे जे बारीक कप्पे असतात, तेथून बहुधा याची सुरुवात होते. या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो. दम्याच्या अनेक रुग्णांच्या श्वासनलिकांतही हीच प्रक्रिया चालू असते, आणि म्हणूनच दमा व पॉलिप एकाच व्यक्तीत वारंवार आढळतात. शस्त्रक्रियेने फुगवटे काढता येतात. सुजण्याची प्रवृत्ती मात्र अस्तरात तशीच राहते.

मग शस्त्रक्रिया कशासाठी? औषध जेथे पोहोचायला हवे तेथे पोहोचावे, यासाठी. पॉलिपनी भरलेल्या नाकात मारलेला फवारा पुढच्या भागातच अडतो आणि सायनसच्या आत जवळजवळ काहीच जात नाही. पॉलिप काढून सायनसची तोंडे रुंद केल्यावर, मिठाच्या पाण्याने नाक धुताना ते पाणी आणि त्यातून दिलेले औषध थेट सुजलेल्या अस्तरापर्यंत जाऊ शकते. शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा फवारा हे एकाच उपचाराचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग गाळला, तर पहिल्याचा उपयोग फार काळ टिकत नाही. आपल्या मावसबहिणीला दोन गोष्टी अवश्य विचारा. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी फवारा किती काळ नियमित वापरला, आणि त्यांचे नुसते पॉलिप काढले होते की सायनसही उघडले होते? पूर्वी तारेच्या फाशाने दिसेल तेवढे पॉलिप ओढून काढत आणि मुळाशी असलेले एथमॉइडचे कप्पे तसेच राहत. सायनसमधला स्राव सूक्ष्म केसांच्या हालचालीने आपल्या नैसर्गिक तोंडाकडेच वाहतो, हे ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांच्या कामातून स्पष्ट झाले आणि त्यानंतर ती नैसर्गिक तोंडे मोकळी करणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया १९८० च्या दशकात रूढ झाली.

पॉलिप परत येतात, हे मी लपवणार नाही. बेल्जियममधील गेंट येथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना १२ वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा सुमारे ७९ टक्के रुग्णांच्या नाकात पॉलिप पुन्हा दिसले. मात्र त्या १२ वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. दुर्बिणीतून एखादा छोटा पॉलिप दिसणे आणि माणसाला श्वास घेता न येणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. परत आलेले पॉलिप लहान असतानाच औषधाने आटोक्यात ठेवणे, हेच खरे उद्दिष्ट असते. आपल्यासारखा दमा असेल तर पॉलिप परत येण्याची शक्यता अधिक असते, आणि म्हणून नियमित तपासणीची गरजही अधिक असते.

गोळ्यांनी वास परत आला, ही माझ्या मते आशादायक खूण आहे, कारण वासाचे चेतातंतू अजून काम करीत आहेत आणि अडथळा बऱ्याच अंशी सुजेचा आहे, असा त्याचा अर्थ होतो. शस्त्रक्रियेनंतर वास सुधारण्याची शक्यता चांगली असते, तरी तशी हमी कोणीच देऊ शकत नाही. गोळ्यांनी बरे वाटले म्हणून त्या पुनःपुन्हा घेत राहणे मात्र धोक्याचे आहे. त्यांनी रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर होतो. वर्षातून एक-दोनदा, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली एवढीच त्यांची मर्यादा पाळावी.

शस्त्रक्रियेचा निर्णय पक्का करण्यापूर्वी फवारा योग्य रीतीने मारला जात होता ना, हे एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवा. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, म्हणजे डोळ्याच्या दिशेने ठेवून फवारा मारावा आणि जोराने आत ओढू नये, कारण जोराने ओढलेले औषध घशात जाते. पडद्यावर रोज फवारा बसला तर रक्त येते आणि घाबरून रुग्ण औषधच सोडून देतात. इतके करूनही दोन-तीन महिन्यांत त्रास तसाच राहिला, तर शस्त्रक्रियेचा सल्ला योग्य आहे, असे मी म्हणेन.

आणखी दोन गोष्टी. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळीनंतर आपल्याला कधी दम लागला आहे का, नाक एकाएकी गच्च झाले आहे का, हे आठवून पाहा. दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिन न सोसणे ही तीन लक्षणे एकत्र आढळणारा एक विकार आहे. त्याचे वर्णन प्रथम १९२२ मध्ये फ्रान्समध्ये झाले आणि पुढे सॅम्टर यांच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. तसे असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही ते माहीत असलेच पाहिजे. दुसरे म्हणजे, आपल्याला वास येत नसेल तर घरात गॅस गळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घ्या आणि शिळ्या अन्नाची पारख घरातील दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.

प्रश्न : आमच्या १२ वर्षांच्या मुलाचे डावे नाक पूर्ण बंद असते आणि तो रात्री घोरतो. सीटी स्कॅननंतर ‘अँट्रोकोॲनल पॉलिप’ असल्याचे सांगितले. फवाऱ्याने तो विरघळेल का? मूल मोठे होईपर्यंत थांबलो तर चालेल का? — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : हा पॉलिप वर सांगितलेल्या प्रकारापेक्षा वेगळा आहे. तो गालाच्या आतील सायनसमध्ये उगम पावतो, त्या सायनसच्या तोंडातून बाहेर येऊन नाकाच्या मागच्या भागात, कधी कधी पडजिभेच्या मागेही लोंबतो, आणि बहुधा एकटा व एकाच बाजूला असतो. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये तो अधिक दिसतो. स्टेरॉइडने तो विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच त्याचा उपचार आहे. गालाच्या सायनसमधल्या मुळासकट तो निघाला, तर बहुतेक मुलांना पुन्हा त्रास होत नाही, आणि नुसता नाकातला भाग ओढून काढला, तर तो हमखास परत येतो. शाळेच्या सुट्टीपर्यंत थांबण्यास हरकत नाही, पण वर्षानुवर्षे थांबू नये. झोपेत मुलाचा श्वास मध्येच अडखळत असेल, तर सुट्टीचीही वाट पाहू नका.

या निमित्ताने इतर पालकांसाठी सांगतो. लहान मुलाच्या दोन्ही बाजूंना पॉलिप असतील, तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी घामाची तपासणी करावी लागते. किशोरवयीन मुलाचे नाक एका बाजूने बंद असेल आणि त्यातून वारंवार भरपूर रक्त येत असेल, तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि स्कॅन करण्याआधी तिचा तुकडा काढणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून आयुष्यभर सुतारकाम करीत आले आहेत. काही महिन्यांपासून त्यांचे उजवे नाक बंद आहे आणि शिंकरल्यावर रक्ताचा अंश दिसतो. गावाजवळ ‘मूळव्याध आणि नाकातील मांस, बिनाऑपरेशन’ अशी पाटी लावलेली एक व्यक्ती औषध लावून मांस गाळून पाडते, असे सांगतात. वडील ऑपरेशनला घाबरतात. आधी हा उपाय करून पाहावा का? — एक वाचक, लातूर

उत्तर : कृपया करू नका. वडिलांना याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.

एकाच बाजूला असलेला, रक्त येणारा आणि उतारवयात सुरू झालेला ‘पॉलिप’ हा दुसरे काही सिद्ध होईपर्यंत साधा पॉलिप मानायचा नसतो. लाकडाचा बारीक भुसा दीर्घकाळ श्वासातून जाणे, विशेषतः कठीण लाकडाचा, हे नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगाचे मान्य झालेले कारण आहे. म्हणून आपण वडिलांच्या कामाचा उल्लेख केलात, ते फार चांगले केलेत. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनाही तो आवर्जून सांगा. कर्करोग नसला, तरी इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची एक गाठ असू शकते. ती दिसायला पॉलिपसारखीच, पण हाड पोखरणारी असते, काही रुग्णांमध्ये पुढे कर्करोगात बदलते आणि जेथून उगवली तेथील अस्तरासह काढावी लागते. एका बाजूच्या सगळ्याच गाठी वाईट असतात, असा याचा अर्थ नाही. पुष्कळ वेळा बुरशीचा गोळा किंवा साधी सूजही निघते. परंतु दुर्बिणीची तपासणी, सीटी स्कॅन, गरजेप्रमाणे एमआरआय आणि तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय हे कोणीही सांगू शकत नाही.

अशा पाट्या लावणारे नेमके काय लावतात, हे रुग्णाला कधीच कळत नाही. तीव्र आम्ल किंवा क्षार नाकात लावला की अस्तर भाजते, नाकाच्या पडद्याला भोक पडते आणि आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. ‘मांस’ म्हणून जे गळून पडते, ते कित्येकदा टर्बिनेट असते, म्हणजे श्वासाची हवा ओलसर आणि उबदार करणारा नाकाचा स्वाभाविक भाग. आणि गाठ खरोखरच घातक असेल, तर तिचा पृष्ठभाग जाळल्याने निदान लांबते, आत ती वाढतच राहते. वडिलांची ऑपरेशनची भीती मला समजते. त्यांना एवढेच सांगा, की पहिल्या भेटीत फक्त बारीक दुर्बिणीने नाकात पाहिले जाते, त्याला काही मिनिटे लागतात आणि त्यासाठी नाकात बधिर करणारे औषध देतात.

प्रश्न : माझे वय ५७ आहे. मला मधुमेह आहे आणि आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली असून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. पॉलिपची शस्त्रक्रिया डोळ्यांच्या आणि मेंदूच्या अगदी जवळ होते, असे वाचले. धोका किती असतो? गोळ्या आधीच बंद कराव्यात का? — एक वाचक, पुणे

उत्तर : गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी घालतात ती जाळी, बसवल्यानंतर ठरावीक काळ, बहुधा सहा महिने ते एक वर्ष, दोन्ही गोळ्या आवश्यक असतात आणि त्या अवेळी थांबवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. दोन्ही बाजूंच्या साध्या पॉलिपची शस्त्रक्रिया तातडीची नसते, ती काही महिने पुढे ढकलता येते. हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून दिवस ठरवावा, आणि त्यांचे बोलणे होईल हे आपण आग्रहाने पाहावे. आपल्याकडे नेमका हाच दुवा अनेकदा निसटतो. शस्त्रक्रियेपूर्वी सूज आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. त्या काळात आपली साखर वाढणार, हे गृहीत धरून मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण आधीच ठरवून घ्या.

धोक्याविषयी आपण वाचले ते खरे आहे. एथमॉइड सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधले हाड एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि वरच्या बाजूला मेंदूचे आवरण असते. डोळ्याभोवती रक्त साठणे, दृष्टीला इजा होणे, मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळणे असे गंभीर प्रकार घडू शकतात; अनुभवी हातांत त्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी असते. प्रत्येक माणसाची हाडांची रचना वेगळी असल्यामुळे सीटी स्कॅन केल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. तो स्कॅन आपल्याला दाखवून, कोणते सायनस उघडणार आणि कोठे जपावे लागणार, हे समजावून सांगण्याची विनंती सर्जनना जरूर करा. चांगल्या सर्जनना या प्रश्नाचा राग येत नाही. पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल आणि खुणेच्या जागा पुसल्या गेल्या असतील, तर उपकरणाचे टोक स्कॅनवर कोठे आहे हे दाखवणारी संगणकीय प्रणाली उपयोगी पडते. पहिल्याच शस्त्रक्रियेत ती नसली, तर काळजीचे कारण नाही.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, नाकपुड्यांतूनच होते आणि चेहऱ्यावर छेद घेत नाहीत. पडदा वाकडा असल्यामुळे आत जाण्यास अडथळा होत असेल, तर तोही त्याच वेळी सरळ करतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. घरी गेल्यावर डोळा सुजला किंवा त्याभोवती काळेनिळे झाले, नजर धूसर झाली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, रक्त थांबेनासे झाले, मान आखडून तीव्र डोकेदुखी झाली किंवा पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा, खारट द्रव ठिबकू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न : शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून मिळतो का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुष्कळ पॉलिसींमध्ये सायनस, पॉलिप आणि नाकाचा वाकडा पडदा यांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, बहुधा दोन वर्षांचा. आपल्या पॉलिसीतील ‘ठरावीक आजारांचा प्रतीक्षाकाळ’ हे कलम वाचा आणि भरती होण्याआधी लेखी मंजुरी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयात असणाऱ्या आरोग्यमित्रांकडून समजेल.

प्रश्न : माझी पॉलिपची शस्त्रक्रिया झाली. तपासणीच्या अहवालात ‘ॲलर्जिक फंगल सायनुसायटिस’ असे आले आहे. हीच ती काळी बुरशी का? घरातले सगळे घाबरले आहेत. — एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने ज्या म्युकरमायकोसिसचा कहर पाहिला, त्यात बुरशी प्रत्यक्ष शरीराच्या पेशींत आणि रक्तवाहिन्यांत घुसते. आपल्या आजारात बुरशी सायनसमधल्या चिकट, घट्ट स्रावात असते, अस्तरात शिरत नाही, आणि शरीर तिच्याविरुद्ध ॲलर्जीची प्रतिक्रिया देते म्हणून पॉलिप होतात. उष्ण आणि दमट हवामानात हा आजार अधिक दिसतो आणि भारतात तो मुळीच दुर्मीळ नाही. त्यात शस्त्रक्रियेने तो घट्ट स्राव पूर्ण काढणे अत्यावश्यक असते, आणि त्यानंतरचा मुख्य आधार बुरशीविरोधी गोळ्यांचा नसून स्टेरॉइडचा आणि नाक धुण्याचा असतो. हा आजार चिवट आहे, तपासण्या चुकवू नका. पण घरच्यांची भीती मात्र आजच दूर करा.

प्रश्न : शस्त्रक्रियेला दहा दिवस झाले. नाकात खपल्या धरतात आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितले आहे. आमच्या विहिरीचे पाणी स्वच्छ आहे, ते वापरले तर चालेल का? आणि फवारा किती दिवस मारायचा? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : विहिरीचे किंवा नळाचे पाणी तसेच नाकात घेऊ नका, ते कितीही नितळ दिसत असले तरी. गोड्या, कोमट पाण्यात आढळणारा नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा पिण्याने बाधत नाही, परंतु नाकातून गेल्यास मेंदूपर्यंत पोहोचतो आणि हा संसर्ग क्वचित होत असला, तरी झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. पाणी खळखळून उकळावे, किमान एक मिनिट तसेच उकळत ठेवावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. अर्धा लिटर पाण्याला एक सपाट छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. नाक धुण्याची बाटलीही रोज धुऊन कोरडी करा. जे वाचक पूर्वीपासून जलनेती करीत आले आहेत, त्यांनीही पाणी असेच उकळून घ्यावे.

खपल्या बोटाने काढू नका. त्या काढण्यासाठीच डॉक्टर आपल्याला दुर्बिणीच्या तपासणीला बोलावतात, आणि या भेटी झाल्या नाहीत तर आतले भाग एकमेकांना चिकटून उघडलेले सायनस पुन्हा बंद होऊ शकतात. पहिले दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे, जड वजन उचलू नये आणि धूम्रपान तर पूर्ण बंद ठेवावे. फवारा मात्र दिवसांवर मोजायचा नाही. दम्याचा पंप जसा बरे वाटत असतानाही चालू ठेवतात, तसाच हा फवाराही वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो. त्यातले औषध रक्तात फार कमी उतरत असल्यामुळे दीर्घ वापरास तो सुरक्षित मानला जातो. नाक झटकन मोकळे करणाऱ्या झायलोमेटाझोलिनसारख्या थेंबांशी त्याची गल्लत करू नका. ते थेंब आठवड्याहून अधिक काळ वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते.

प्रश्न : दोनदा शस्त्रक्रिया होऊन आणि फवारा नियमित असूनही माझे पॉलिप परत आले आहेत. दमाही आहे. आता इंजेक्शने निघाली आहेत, असे ऐकले. तिसरी शस्त्रक्रिया टाळता येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : शक्यता आहे. इओसिनोफिलशी निगडित सुजेमागे जे रासायनिक संदेश असतात, ते अडवणारी ही जैविक औषधे आहेत. अमेरिकेत पॉलिपसाठी ड्युपिलुमॅबला २०१९ मध्ये, ओमालिझुमॅबला २०२० मध्ये आणि मेपोलिझुमॅबला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्वचेखाली, औषधानुसार दर दोन किंवा चार आठवड्यांनी ती घ्यावी लागतात. पॉलिप लहान होणे, वास परत येणे आणि दमा आटोक्यात राहणे असा तिहेरी लाभ अनेक रुग्णांना मिळालेला दिसतो. औषध बंद केल्यावर मात्र आजार बहुधा परततो, आणि खर्च एवढा असतो की आपल्याकडे बहुतेक कुटुंबांना तो दीर्घकाळ पेलवत नाही. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेऐवजी ही इंजेक्शने सुचवणे मला सध्या तरी योग्य वाटत नाही. आपले उदाहरण वेगळे आहे: दोन शस्त्रक्रिया, नियमित फवारा आणि सोबत दमा.

प्रथम नवा सीटी स्कॅन करून, मागील शस्त्रक्रियांत सर्व कप्पे खरोखर उघडले गेले होते का, ते पाहून घ्या. काही कप्पे बंद राहिलेले असतील, तर नीट केलेली तिसरी शस्त्रक्रियाही लाभदायक ठरू शकते. सर्व कप्पे उघडे असूनही अस्तर सुजत असेल, तर रक्तातील इओसिनोफिल आणि आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) यांचे प्रमाण तपासून, छातीरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ या दोघांच्या सल्ल्याने इंजेक्शनाचा विचार करावा. सुरू केल्यास सुमारे सहा महिन्यांनी वास, श्वास आणि दुर्बिणीतून दिसणारे चित्र या तिन्हींचा आढावा घ्यावा आणि तोवर काहीच फरक पडला नसेल, तर ते औषध थांबवून दुसऱ्या मार्गाची चर्चा करावी.